पत्र्याचे चार स्क्रू

माझ्या थोरल्या भावानं होडीवर स्टेअरिंगची पेटी बसवली ती पत्र्याच्या स्क्रूंनी. गोठ्यावर पत्रे ठोकायला वापरतात ना, काळ्या रबरी वायसरचे, तेच. चार कोपऱ्यांना चार. आणि मी कपाळाला हात लावल्यावर वर मलाच विचारलं, "आता तिला काय हत्ती बांधायचाय का?"

हत्ती नव्हता, पण मी होतो. त्या पेटीला धरून मला उभं राहायचं होतं, सगळं वजन टाकून, ते पण पाण्यावर. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवून होडी बांधायची, असं चार महिन्यांपूर्वी ठरलं होतं. होडी झाली, रंग झाला, पुढं कमळ काढून झालं, आणि ज्या गोष्टीसाठी सगळा खटाटोप होता ती चार स्क्रूंवर उरकली.

मी दोन वर्षांचा असताना माझा उजवा पाय पोलिओत गेला. कंबरेपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर घालतो. गुडघ्याचा खटका लावला की पाय काठीसारखा सरळ होतो आणि मी तासन् तास उभा राहू शकतो, फक्त हाताला काहीतरी पक्कं पाहिजे. ते हललं की मी गेलो. त्यामुळं कुठलीही वस्तू समोर आली की लोक तिचा रंग बघतात, किंमत विचारतात; मी आधी हलवून बघतो. बँकेतला कठडा, लग्नातली खुर्ची, एसटीचा दांडा. कितीतरी नव्या कोऱ्या वस्तू हलतात, आणि त्या बसवणारी माणसं निवांत घरी झोपलेली असतात. माझा स्वभाव तिरसट आहे असं घरचे म्हणतात. त्यांनी एकदा माझ्यासारखं हलत्या कठड्याला धरून जिना उतरावा आणि मग बोलावं.

परंड्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडं येतात. काम बसून करायचं, म्हणून मी ते धरलं. शेत मात्र धरणाच्या फुगवट्यापलीकडं. पाणी आलं तेव्हा गाव अलीकडं सरकलं आणि आमचं उंचावरचं रान पलीकडं राहिलं. काठावर उभं राहिलं की आमची ज्वारी दिसते, शेड दिसतं, शेडवर टाकलेली वैरणसुद्धा दिसते. पण जायचं म्हटलं तर रस्त्यानं भला मोठा वळसा. तासभर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसायचं आणि शेवटचा काळ्या रानातला चिखल कुणाच्या तरी पाठीवर. पन्नाशी उलटलेला माणूस पाठीवर बसून आपल्याच शेतात जातो आणि बांधावरचे लोक कौतुकानं बघतात, ह्यातली चीड मी कुणाला सांगू? बरं, ते पण कुणाला वेळ असला तर. पेरणी झाल्याचं मला फोनवरच्या फोटोत कळतं. कणसं आल्याचं फोटोत कळतं. मला माझ्या मनानं, माझ्या वेळेला, कुणाच्याही खांद्याला हात न लावता शेतात जायचं होतं. एवढीच हौस. त्यासाठी होडी.

होडी भाऊ बांधणार, हे ओघानंच आलं. त्याचं वेल्डिंगचं शेड आहे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधतो. तालुक्यात त्याच्या ट्रॉलीला नाव आहे, ते खोटं कशाला बोलू. पण ट्रॉली बांधणाऱ्या माणसाला जगातली प्रत्येक वस्तू ट्रॉलीच वाटते. होडीला मागं रिफ्लेक्टर लावायचे त्याच्या डोक्यात होतं. मी मोबाइलवर परदेशी लोकांचे होड्या बांधण्याचे व्हिडिओ बघायचो, तो माझ्या खांद्यावरून बघायचा आणि म्हणायचा, "ह्यात काय हाय? तीन दिवसांचं काम."

तीन दिवसांचे चार महिने झाले. प्लायवूडचा सांगाडा, त्यावर फायबरचं कापड आणि रेझिन. आत तरंगायला रिकामे प्लास्टिकचे कॅन गच्च भरलेले. वरून प्लायवूडची फळी टाकून सगळं बंद, म्हणजे आम्ही ज्याला डेक म्हणायला लागलो ते. उजनीकडच्या मासेमारांकडून एक जुनं इंजिन आणलं. असल्या होडीत माणूस मागं बसून इंजिनाचा दांडाच हातानं वळवतो. मला ते जमत नाही. कॅलिपर घालून खाली बसलो की उठवायला दोन माणसं लागतात. म्हणून मधोमध कंबरेएवढी पेटी, तिच्यावर भंगारातल्या जीपचं स्टेअरिंगचं चाक, शेजारी वेग कमी-जास्त करायची दांडी, दोन्हींच्या केबली मागं इंजिनाला आणि पेटीला वरून धरायला पाइप. व्हिडिओतले लोक तिला कन्सोल म्हणतात. भाऊ म्हणाला पेटी, म्हणून ती पेटी.

डेक बंद करायच्या आधी मी त्याला सांगितलं होतं. एकदा नाही, निदान दहादा. "दादा, जिथं पेटी येणार तिथं खालून जाड लाकूड घाला. नुसत्या प्लायवर काही टिकत नाही. मोटार कितीही चांगली असू द्या, खाली फाउंडेशन नसलं तर बोल्ट उपसून नाचत विहिरीत जाते." हे मी कुणा पुस्तकातलं सांगत नव्हतो, अशा विहिरीत पडलेल्या मोटारींवर माझं घर चालतं. तो म्हणाला, "बघू की." आमच्या घरात 'बघू की' म्हणजे नाही. पालथ्या घड्यावर पाणी. वर आणखी पंचाईत अशी की थोरल्या भावाला आम्ही तुम्ही म्हणतो. कितीही संतापलं तरी 'तुम्हाला अक्कल नाही' असंच म्हणावं लागतं आणि तुम्ही म्हटलं की निम्मा राग वाटेतच सांडतो.

तेवढ्यात खंडेनवमी आली. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. विळे, कोयते, माझे पाने-पक्कड, त्याचं वेल्डिंग मशीन, सगळं धुऊन, हळदकुंकू लावून मांडतात. नवी गाडी असली तर तिची पूजा त्याच दिवशी. होडी त्या पूजेत असलीच पाहिजे, असं भावानं मनात घेतलं आणि आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पेटी शेडच्या कोपऱ्यात सुटी पडलेली. मग काय, हाताशी ड्रिल होतं, खिशात पत्र्याचे स्क्रू होते. घर्रर्र, घर्रर्र, चार वेळा, झालं. सकाळी पेटीला झेंडूचा हार, चाकाला कुंकू, पुढं नारळ. आजूबाजूचे लोक येऊन पेढा खाऊन गेले. मी पाइपला हात लावला तर पेटीनं मान डोलावली.

"दादा, हलतीय."

"आज कायबी वंगाळ बोलू नगं. पूजा झाली. आता ती हलवायची न्हाय."

"तीच हलतीय म्हणतोय मी."

पण पूजा झाली म्हणजे काम पुरं झालं, हा आमच्या लोकांचा पक्का समज. पंपाची पूजा होते, पाणी नंतर वर्षभर येत नाही. नारळ फुटला की पुढची जबाबदारी देवाची.

पहिली चाचणी दोन दिवसांनी काठाला, गुडघाभर पाण्यात झाली. होडी ट्रॉलीवरून आणली. भावानं पाण्यात उभं राहून कड धरली, आणखी दोघांनी मला वर चढवलं. मी खटका लावला, पाइप धरला, उभा राहिलो. होडी जराशी कलली. मी आपोआप पाइपवर भार दिला आणि चारी स्क्रू प्लायवूडमधून असे निघाले जसे शेंगेतून दाणे. पेटी, चाक, हार आणि मी, सगळे एकत्र आडवे. पाण्यात पडलो नाही एवढंच. कोपर फुटलं.

लागल्याचं मला काही नाही. पडायची मला सवय आहे. पण मग सगळे जे बोलायला लागले त्यानं माझ्या डोक्याची शीर तडकली. "आमी हाय की धरायला!" "दोघं दोन बाजूंनी धरतो, तू निस्तं चाक फिरव." बायको काठावरून म्हणाली, "अवो, बसून चालवा की. खुर्ची टाकू एक." म्हणजे एवढं सगळं करून मला पाण्यावर पण दोन माणसांच्या बगलेतच उभं राहायचं! मग ती मोटारसायकल काय वाईट होती? मी त्यांना म्हणालो, मला धरू नका, पेटी धरा. कुणाला काही कळलं नाही. एकानं खरंच वाकून पेटी धरली.

नंतरचे आठ दिवस भावानं जे जे केलं ते आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो. आधी त्याच भोकांत जाड स्क्रू. निघाले. मग भोकांत एम-सील कोंबून पुन्हा स्क्रू. एम-सीलसकट निघाले. मग चारी बाजूंनी लोखंडी एल-पट्ट्या आणल्या, काय सुबक कापलेल्या, कडा घासलेल्या, आणि त्या डेकला कशानं बसवल्या? पत्र्याच्या स्क्रूंनी. मग पेटीच्या चारी कोपऱ्यांना तारा बांधून होडीच्या कडांना ताणल्या, तंबूला ताणतात तशा. त्या तारांतून माझा कॅलिपरचा पाय पलीकडं जाईना. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! दोष वर नव्हताच. वरून तुम्ही पेटीला सोन्याच्या पट्ट्या लावा, खाली बोटाएवढं प्लाय आणि त्याच्याखाली रिकामे कॅन. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी ओरडून ओरडून हे सांगायचो आणि भाऊ शांतपणे विचारायचा, "मग अजून दोन पट्ट्या मारू का?"

शेवटी मी दुकान बंद करून त्याच्या शेडवर गेलो आणि म्हणालो, "डेक कापायचा."

तो माझ्याकडं असा बघायला लागला की जणू मी त्याच्या चालत्या ट्रॉलीचं चाक कापायला सांगितलंय. "वरून फायबर हाणलंय त्यावर. कापलं तर पाणी जाईल आत. आन पूजा झालीय."

"दादा, तुम्ही ट्रॉलीला मागचा फाळका कसा बसवता?"

"येल्डिंग."

"लाकडाला वेल्डिंग बसतं का?"

माझ्या समजुतीप्रमाणं त्या क्षणी, चार महिन्यांत पहिल्यांदा, त्याला ट्रॉली आणि होडी ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे दिसलं. लोखंडावर लोखंड ठेवून ठिणगी पाडली की दोन्ही एक होतात, आयुष्यभर त्यानं तेच केलं. लाकडात दोन वस्तू एकमेकींना मिठी मारूनच धरतात, एक वरून आणि एक खालून, हे त्याला कधी लागलंच नव्हतं. तो उठला, घरातून एक नारळ घेऊन आला, पेटीपुढं फोडला, हात जोडून "माफी असावी" म्हणाला आणि कटर चालू केलं. त्याच्या ह्या नारळावर पण मी वैतागलो होतो, पण कटर चालू झालं होतं.

पेटीच्या बुडाच्या आतच डेकला चौकोनी भोक पाडलं, म्हणजे वरून पेटी बसली की ते झाकलं जावं. आतले तीन कॅन काढले. जुन्या बैलगाडीची बाभळीची फळी होती, तिचे दोन तुकडे करून डेकखाली, सांगाड्याच्या दोन आडव्या लाकडांना टेकतील असे, रेझिन लावून बसवले. एक दिवस सुकू दिलं. मग पेटी जागेवर ठेवून वरून आरपार भोकं पाडली: पेटीची पट्टी, प्लाय, बाभूळ आणि खालून लोखंडाची रुंद चकती. बोल्ट वरून घालायचे, प्रत्येक भोकात सिलिकॉन भरून, आणि खालून डबल नट. हे सगळं मी सांगत होतो, तो करत होता. इतकं सुरळीत चाललं होतं की मला भीतीच वाटायला लागली.

मग अडलं. नट खालून लावायला पेटीला केबलींसाठी मागं ठेवलेल्या बारक्या दारातून हात आत, तिथून भोकात आणि तिथून वळवून फळीखाली. भावाचा हात घणानं जाड झालेला, कोपरापुढं जाईना. माझा हात जात होता, पण मला तसं पालथं पडता येईना. अर्धा तास आम्ही दोघं त्या भोकाभोवती एकमेकांना दोष देत होतो. बायको आमचा चहा घेऊन आली होती, ती किटली खाली ठेवून म्हणाली, "सरका."

"बांगड्या फुटतील," मी म्हणालो.

"फुटू द्या. तुमच्या ह्या पेटीपायी घरात दुसरं बोलणंच राहिलं न्हाय." तिनं मनगटाला रुमाल गुंडाळला, पालथी पडली आणि हात आत घातला. "भावजी, पाना द्या. न्हाय, बारका." मी वरून बोल्ट आवळायचो, ती खालून नट धरायची. आठ बोल्ट. दर बोल्टला ती आतून म्हणायची, "धरला," आणि मी फिरवायचो. आमच्या लग्नाला तीस वर्षं होत आली, पण आम्ही दोघांनी मिळून एक वस्तू पक्की केली ती ही पहिलीच. मला फार बरं वाटलं, आणि ते तिला सांगायच्या आत ती म्हणाली, "हे आधीच का केलं न्हाय?"

मी भावाकडं बघितलं. तो चहा पीत होता.

दुसऱ्या दिवशी मी पेटीला धरून सगळं वजन टाकलं. मग उलट्या बाजूनं ओढलं. मग भाऊ पाइपला लोंबकळला. होडी ट्रॉलीसकट हलली, पेटी नाही हलली. मी तो पाइप हातात धरून नुसताच उभा राहिलो बराच वेळ. लहान पोरासारखा आनंद झाला होता आणि तो लपवायला मी रंग कुठं कुठं उडाला ते दाखवत बसलो.

पाण्यात सोडायच्या दिवशी मी एकटाच जाणार म्हणालो. त्यावर जो गदारोळ झाला तो लिहीत नाही. बायकोनं माझ्या केशरी लाइफ जॅकेटाचे बंद स्वतःच्या हातानं बांधले आणि सांगितलं, भावजी मागं बसतील, न्हायतर होडी सुटायची न्हाय. मी म्हणालो, बसू द्या, पण मला हात लावायचा नाही. तिथं काठावर, सगळ्यांदेखत, भावाकडून तसं वदवून घेतलं. तो म्हणाला, "न्हाय लावत बाबा."

त्यानं जॅकेट घातलं, दोरी ओढून इंजिन चालू केलं आणि माझ्या मागच्या फळीवर बसला. मी खटका लावला, पाय फाकवले, चाक धरलं. होडी काठापासून सुटली. वारा होता, बारक्या लाटा होत्या, होडी डावी-उजवी व्हायची आणि दर वेळी माझा भार पाइपवर जायचा आणि पाइप तो घ्यायचा. समोर आमचं रान हळूहळू मोठं होत होतं. ज्वारी घोट्याच्या वर आली होती, ते मला माझ्या डोळ्यांनी दिसायला लागलं. मी चाक थोडं डावीकडं घेतलं, होडी डावीकडं गेली. कुणाला विचारावं लागलं नाही.

निम्मं पाणी ओलांडलं असेल, तेवढ्यात माझ्या कंबरेचा पट्टा मागून धरला गेला.

अंगातलं सगळं रक्त डोक्यात चढलं. एवढं बोलून, एवढं कबूल करून! मी मागं न बघताच म्हणालो, "दादा, सोडा."

हात सुटला नाही. उलट पट्टा आणखी आवळला.

"मी पडत नाही. पेटी पक्की आहे. सोडा म्हणतोय ना तुम्हाला!"

"तुला न्हाय धरलं रं," तो म्हणाला. "मला पवता येत न्हाय."

मी इंजिन कमी केलं आणि मान वळवून बघितलं. जॅकेट घातलेलं होतं तरी त्याचा दुसरा हात फळीला घट्ट आवळलेला होता, आणि तो पाण्याकडं बघत नव्हता, स्वतःच्या पायांमधल्या डेककडं बघत होता. साठीचा माणूस, घामानं डबडबलेला.

"तुम्हाला पोहता येत नाही? आपल्या गावातल्या शेंबड्या पोराला येतं."

"कवा शिकणार?" तो तसाच खाली बघत म्हणाला. "समदी पोरं हिरीत उड्या टाकायची तवा म्या तुज्यापाशी काठावर बसल्यालो असायचो. तुला एकट्याला वर ठेवून कसा उतरू?"

ते काठावर बसणं मला चांगलं आठवत होतं. खाली पोरांचा दंगा, पाण्याचे सपके आणि आम्ही दोघं वर पाय सोडून. मला वाटायचं, त्याला पाण्याची आवड नाही. मी कधी विचारलं नाही. पन्नास वर्षांत एकदाही नाही. आणि ह्या माणसानं चार महिने खपून होडी बांधली होती. मी चार महिने त्याला अक्कल शिकवत होतो. राग अजून अंगात होता, पण तो कुणावर काढायचा ते आता कळेना.

मी पुन्हा समोर बघितलं आणि इंजिन वाढवलं. पलीकडच्या काठाला होडी टेकेपर्यंत त्यानं पट्टा सोडला नाही, आणि मीही पुन्हा सोडा म्हणालो नाही.